घामाचा वास आणि धुण्याचें पाणी

गेल्या पंधरवड्यांत एका लहानशा खटल्याची हकीकत आमच्या कानीं आली. हा खटला कोणत्याहि कोर्टांत गुदरलेला नाहीं, त्याची नोंद कोणत्याहि दप्तरांत सांपडणार नाहीं, आणि त्याचा निकालहि लागून चुकला आहे. उल्हासनगरांतील एका कापडाच्या दुकानांत बदलापुराहून येणारा एक तरुण नोकर होता. गिऱ्हाइकापुढें ठाण उलगडतांना त्याच्या अंगास वास येतो, अशी दोनतीन गिऱ्हाइकांनीं कुरकुर केली. मालक हे आमचे जुने स्नेही. त्यांनीं त्यास एकदां बाजूस घेऊन समज दिली, दुसऱ्यांदा चारचौघांत सुनावलें, आणि तिसऱ्या वेळीं हिशेब चुकता करून घरीं पाठविलें. "वकीलसाहेब, पोरगा प्रामाणिक, पण स्वच्छतेची संवय नाहीं, त्याला आम्ही काय करावें?" असा त्यांनीं आम्हांस प्रश्न केला. देशापुढें मोठमोठे प्रश्न पडले असतां संपादकीय स्तंभांत घामाच्या वासाची चर्चा कशाला, असें आमचे कांहीं वाचक म्हणतील. परंतु ज्या कारणानें एका कुटुंबाची भाकरी जाते, तें कारण क्षुल्लक मानण्यास आम्ही तयार नाहीं.

आम्हीं त्या तरुणास बोलावून घेतलें. तो इतका संकोचला होता कीं, खुर्ची दाराजवळ ओढूनच बसला. त्याच्या तोंडून निघालेली हकीकत अशी. तो पहाटें साडेचारास उठतो, रात्रीं भरून ठेवलेल्या पाण्यानें स्नान करितो, गर्दीच्या आधींची गाडी धरतो, आणि रात्रीं दहाच्या सुमारास परत पोंचतो. दुकानाचें नांव छापलेला सदरा त्यास दुकानांतूनच मिळालेला. मिळाले दोन, त्यांतला एक शिवणींत उसवून निकामी झाला. उरलेला रात्रीं धुवावयाचा, खोलींतच दोरीवर टाकावयाचा, आणि सकाळीं काखेंत व गळपट्टींत ओलसर असला तरी अंगांत घालावयाचा. त्याच्या म्हणण्याप्रमाणें नळास पाणी असतें तें थोडा वेळ, व तेंहि तो घरीं नसतांना. गच्चीस सोसायटीनें कुलूप लावलें आहे, आणि इमारतीची शोभा जाते म्हणून खिडकीबाहेर कपडे टांगण्यास मनाई आहे. घरांत माणसें चार, गाद्या दोन. "शेठ म्हणतात, आंघोळ करून येत जा. साहेब, मी करूनच येतों," एवढें बोलून तो गप्प बसला.

आरोपीचें म्हणणें ऐकल्यावांचून शिक्षा देऊं नये, हें न्यायाचें पहिलें तत्त्व. तें येथें पाळलें गेलें नाहीं, म्हणून पुरावा आतां तरी नीट तपासणें प्राप्त आहे.

घाम हा मूळ गुन्हेगार नव्हे. मनुष्याच्या त्वचेंत वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथि असतात. त्यांतील बहुतेकांतून जो घाम येतो, तो म्हणजे मीठ मिसळलेलें पाणी, आणि त्यास सांगण्यासारखा वास नसतो. काखेंत व जांघेंत निराळ्या जातीच्या ग्रंथि असतात. त्या वयांत आल्यावर कामास लागतात; त्यांचा स्राव अधिक दाट व स्निग्ध असतो, परंतु ताजा असतां तोहि जवळजवळ निर्गंधच. त्वचेवर वस्ती करून असलेले सूक्ष्म जंतु या स्रावावर उपजीविका करितात व त्याचे तुकडे पाडतात, तेव्हां तो आंबट, उग्र, कधीं कांद्यासारखा वास उत्पन्न होतो. हे जंतु गादीवर बसणाऱ्या शेठजींच्या काखेंत असतात, आणि गांठोडें वाहणाऱ्या हमालाच्याहि असतात. अंतर एवढेंच कीं, शेठजी वातानुकूल दुकानांत बसतात व हमाल उन्हांत चालतो. स्नानानें अंगावरचे जंतु व मळ कमी होतात. कपड्याच्या धाग्यांत जाऊन बसलेल्या स्निग्धांशावर स्नानाचा कांहींएक परिणाम होत नाहीं. म्हणजे स्वच्छ अंगावर कालचा सदरा चढविला कीं अर्ध्या तासाच्या उबेनें जुना वास पुन्हां जागा होतो, आणि लोक दोष देतात तो अंगास.

आतां त्या सदऱ्याकडे वळूं. कारण आमच्या मतें या खटल्यांतील मुख्य साक्षीदार तोच आहे. तो सदरा पॉलिएस्टरचा होता. हें कृत्रिम सूत व्हिनफील्ड व डिक्सन या दोन इंग्रज रसायनज्ञांनीं १९४१ सालीं शोधून काढलें, आणि पुढें टेरिलीन, टेरिकॉट अशा नांवांनीं त्यानें आमच्या घराघरांत प्रवेश केला. त्याचे गुण आम्ही नाकबूल करीत नाहीं: तें टिकतें, चुरगळत नाहीं, इस्त्री मागत नाहीं, आणि स्वस्त पडतें. परंतु त्याचा एक दोष असा कीं, तें पाणी पीत नाहीं. साधारण दमट हवेंत कापूस आपल्या वजनाच्या शेंकडा सुमारें आठ इतका ओलावा शोषून धरतो. पॉलिएस्टर शेंकडा अर्धाहि धरीत नाहीं. घाम त्याच्या पृष्ठभागावर राहतो, आणि त्यांतील तेलकट अंश मात्र तें घट्ट धरून ठेवतें. बेल्जममधील गेंट येथील विश्वविद्यालयांतील संशोधकांनीं २०१४ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. सव्वीस निरोगी माणसांकडून जोराचा व्यायाम करवून त्यांनीं त्यांच्या अंगांतील सदरे कांहीं काळ तसेच ठेवले व मग त्यांचा वास तपासला. कृत्रिम सुताचे सदरे सुती सदऱ्यांपेक्षां स्पष्टपणें अधिक घाणेरड्या वासाचे ठरले. आणि विशेष म्हणजे, वास उत्पन्न करणारे कांहीं जंतु पॉलिएस्टरवर चांगले फोफावतात, सुतावर तसे नाहींत, असेंहि आढळून आलें. चरख्याच्या अर्थशास्त्राचा वाद आम्ही आज उकरून काढीत नाहीं. परंतु कोंकणच्या दमट हवेंत घाम गाळणाऱ्या माणसाच्या अंगांत सुती कपडाच शोभतो, असें सांगणारी आमची जुनी माणसें केवळ अभिमानानें बोलत नव्हतीं, एवढें तरी कबूल करावें लागेल.

तर मग हा सदरा कोणीं निवडला? तरुणानें नव्हे. तो मालकानें दिला, एकाच जोडीवर सबंध पावसाळा काढावयास लावला, आणि त्याच सदऱ्याच्या वासाबद्दल नोकरास काढून टाकलें. आम्ही आमच्या स्नेह्यांची थट्टा करीत नाहीं; हाच न्याय आज शेंकडों दुकानें, हॉटेलें, पहारेकऱ्यांच्या कंपन्या आणि घरोघर पुड्या पोंचविणाऱ्या नव्या मंडळ्या आपल्या माणसांस बिनदिक्कत लावीत आहेत. कंपनीची खूण असलेला कपडा अंगांत घातलाच पाहिजे. तो कोणत्या सुताचा असावा, किती असावेत, व ते वाळावेत कोठें, हें विचारण्याचा अधिकार मात्र घालणारास नाहीं.

दुसऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वीं आमच्या वकीलवर्गाचीहि झडती घेणें योग्य होईल. कल्याणच्या कोर्टास जाणारे आम्ही लोक सदरा रोज बदलतों, बंद रोज पांढरे करतों, आणि काळा कोट? तो महिनेन् महिने पाण्याचें तोंड पाहत नाहीं. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणें सर्वोच्च व उच्च न्यायालयें वगळून इतर न्यायालयांत उन्हाळ्यांत कोट सक्तीचा नाहीं, ही सवलत तरी किती जण घेतात? प्रतिष्ठेच्या भीतीनें तोच घामट कोट अंगावर वागवून आम्ही स्वच्छतेच्या गोष्टी सांगतों, आणि आमच्या कोटाच्या वासाबद्दल आम्हांस कोणी कामावरून काढीत नाहीं.

वास न जाण्याचें दुसरें कारण ओल. पावसाळ्यांत घरांत वाळविलेल्या कपड्यांना जो कुबट वास येतो, त्याचा छडा जपानी संशोधकांनीं २०१२ सालीं लावला. मोराक्सेला या जातीचा एक जंतु धुतलेल्या कपड्यांतहि जिवंत राहतो, कोरडेपणास व उन्हांतील किरणांसहि बराच तोंड देतो, आणि पुन्हां ओल मिळतांच वास सोडूं लागतो. यावरून केवळ फेंस आला म्हणजे कपडा धुतला गेला असें नाहीं, हें उघड आहे. जाहिरातींतील बर्फासारखा फेंस पाहून आमच्या गृहिणी थंड पाण्यांत मूठभर पूड अधिक टाकतात. ती नीट खळबळून निघत नाहीं, धाग्यांत साचते, आणि जंतूंस आणखी एक बिछाना तयार होतो. कपडे मऊ करणाऱ्या सुगंधी द्रवाचेंहि तेंच. तो धाग्यांवर पातळ लेप चढवितो, त्या लेपाखालीं जुना वास सुखानें नांदतो.

खरा उपाय आमच्या परिटास ठाऊक होता. त्याची भट्टी आठवा. कपडे सोड्याच्या पाण्यांत भिजवावयाचे, मडक्याच्या किंवा तांब्याच्या भट्टीवर रचून वाफेंत शिजवावयाचे, मग घाटावर आपटून वाहत्या पाण्यांत खळबळावयाचे, आणि उन्हांत पसरावयाचे. क्षारानें तेल सुटतें, वाफेनें जंतु मरतात, वाहत्या पाण्यानें दोन्ही निघून जातात, उन्हानें ओल उरत नाहीं. आजचे शास्त्रज्ञ साठ अंश उष्णतेच्या पाण्याची शिफारस करितात तेव्हां ते परिटाच्या भट्टीचेंच सौम्य रूप सांगत असतात. या परिटास आम्हीं काय मान दिला, हें सांगावयास नको. स्वच्छतेचा मंत्र हातांत खराटा घेऊन महाराष्ट्रास शिकविणारे गाडगे महाराज परिटाच्याच कुळांत १८७६ सालीं जन्मले. जे लोक जगाचा मळ धूत होते त्यांसच जग मळकट म्हणत होतें, या विसंगतीचें आश्चर्य त्यांच्या कीर्तनास बसलेल्यांना तरी वाटलें असेल.

प्रत्येक घरीं भट्टी लावणें आज शक्य नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु सुती सदरे, टॉवेल, चादरी व उशांचे अभ्रे आठवड्यांतून एकदां ऊन ऊन पाण्यांत धुण्याचा सोड्याच्या जोडीनें अर्धा तास भिजत घालणें अशक्य नाहीं. पॉलिएस्टरास इतकें कढत पाणी सोसत नाहीं, त्यामुळें तो कपडा उलटा करून, काखेच्या जागीं साबण चोळून, कोमट पाण्यांत तास दोन तास भिजवावा. प्राणवायु सोडणारी जी विरंजक पूड बाजारांत मिळते ती घातल्यास अधिक बरें. पांढरा सिरका खळबळण्याच्या पाण्यांत थोडा घातला असतां साचलेला साबण सुटतो. मात्र सिरका व ब्लीचिंग पावडर किंवा तशा जातीचा द्रव हीं दोन्ही एका बादलींत कदापि घालूं नयेत. त्यांतून क्लोरीन वायु निघतो, आणि तो प्राणघातक आहे. घामट कपडा पेटींत किंवा यंत्रांत कोंबून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवणें म्हणजे जंतूंस मुदत वाढवून देणें होय. आणि वासावर वास हा उपाय तर मुळींच नव्हे. अत्तर, फवारे व डांबराच्या गोळ्या यांनीं मळ निघत नाहीं, साक्षीदार मात्र गोंधळतो.

कपड्यांची गोष्ट निदान चारचौघांत उघडकीस येते. अंथरुणाची घरांतच दबून राहते. मनुष्य आयुष्याचा तिसरा हिस्सा अंथरुणांत घालवितो, आणि तेवढा सर्व वेळ त्याच्या अंगांतून घाम, तेल व कातडीचे सूक्ष्म कण गादींत उतरत असतात. आमच्या आजीच्या घरीं गोधडी होती. ती उचलून नदीवर नेतां येई, धुतां येई, दगडावर वाळवितां येई. कापसाची गादी धुतां येत नसे, परंतु ती वर्षाकांठीं उसवून पिंजाऱ्याकडे जाई. पिंजाऱ्याच्या धनुकलीखालीं कापूस मोकळा होई, धूळ झडे, खोळ निराळी धुतली जाई. आतां पिंजाऱ्याच्या तातीचा आवाज आमच्या आळ्यांतून ऐकूं येईनासा झाला आहे. त्याच्या जागीं फेंसाळ रबराच्या जाड गाद्या आल्या. त्या उसवतां येत नाहींत, धुतां येत नाहींत, जिन्यावरून गच्चीवर नेतां येत नाहींत, आणि दहा वर्षें टिकण्याची हमी मात्र घेऊन येतात! दहा वर्षांचा घाम सांठविण्याची ही हमी आहे, असें आम्हीं एका विक्रेत्यास म्हटलें तर तो हंसला. अशा गादीस एकच आश्रय, तो म्हणजे जाड सुती खोळ, जी काढून धुतां येईल. तिच्यावर चादर, आणि चादर आठवड्याला बदललेली. उशीचा अभ्रा तर आठवड्यांतून दोनदां बदलावा. डोक्याचें तेल सर्वांत अधिक तेथेंच जिरतें. सकाळीं उठतांच अंथरूण गुंडाळून टाकण्याची आमची संवयहि तपासून पाहण्यासारखी आहे. रात्रीची ऊब व ओल त्या वळकटींत बंद होते. ती अर्धा तास उघडी ठेवून वाऱ्यावर सुकूं द्यावी, मग खुशाल गुंडाळावी. पावसानें उघडीप दिली कीं आधीं गाद्या बाहेर काढाव्या, बाकीचीं कामें मागाहून.

उल्हास नदीच्या कांठीं राहणारांस ओल्या अंथरुणाचें दुःख निराळें सांगावें लागत नाहीं. २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनीं पाहिला, आणि २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यांत अडकून सुमारें हजार पन्नास उतारूंस जेव्हां बाहेर काढावें लागलें, तो दिवस ज्यांच्या ध्यानांत आहे, ते जाणतात कीं पाणी एका दिवसांत उतरतें, गादींतील कुबटपणा महिनेभर उतरत नाहीं. पुराच्या घाण पाण्यांत भिजलेली गादी वाळवून पुन्हां वापरण्याचा मोह कितीहि झाला तरी ती टाकावी. मदत वाटणाऱ्या मंडळ्यांनीं धान्याच्या पिशवीबरोबर एक कोरडें अंथरूण द्यावें.

येथपर्यंत आम्हीं जें सांगितलें तें पाणी, ऊन, जागा व वेळ हीं चारहि ज्याच्यापाशीं आहेत त्याच्या उपयोगाचें. ज्याच्यापाशीं यांतील एकहि नाहीं, त्यास उपदेश करणें सोपें आणि निर्लज्जपणाचें आहे. धुणें ही बहुतेक घरांत बाईच्या माथीं मारलेली गोष्ट. नळ पहाटें येवो कीं मध्यरात्रीं येवो, उठावयाचें तिनें. आणि पुरुषाच्या सदऱ्यास वास आला तर बोल लागावयाचा तो तिच्याच हातांना. दुसऱ्यांच्या घरचें धुणें धुणाऱ्या बाईचें तर विचारूंच नका. सहा घरच्या चादरी धुवून ती आपल्या खोलीवर परतते तोंपर्यंत तेथला नळ गेलेला असतो. आणि तीच बाई उद्वाहकांत शिरली कीं सुशिक्षित स्त्रीपुरुष नाकास रुमाल लावतात. त्या रुमालाची घडी तिनेंच घातलेली असते.

वासावरून माणसाची पायरी ठरविण्याची ही विद्या आमच्या समाजास नवी नाहीं, म्हणूनच आम्हांस तिची अधिक भीति वाटते. एखाद्या वर्गास आधीं पाण्यापासून दूर ठेवावयाचें, आणि मग तो वर्ग अस्वच्छ आहे म्हणून त्यास पाण्याजवळ येऊं द्यावयाचें नाहीं, हा तर्क आमच्या पूर्वजांनीं शतकानुशतकें चालविला. मुंबई कायदे कौन्सिलांत रावबहादुर बोले यांनीं १९२३ सालीं सार्वजनिक पाणवठे सर्वांस मोकळे करण्याचा ठराव संमत करून घेतला. महाडच्या म्युनिसिपालिटीनें १९२४ सालीं चवदार तळें खुलें असल्याचें ठरविलें. आणि तरीहि २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी त्या तळ्यावर जाऊन पाणी प्याले तेव्हां त्यांस मार खावा लागला. तळें पुढें गोमूत्रानें 'शुद्ध' करण्यांत आलें. खटला दहा वर्षें चालून १९३७ च्या मार्चांत हायकोर्टानें निकाल दिला, तो अस्पृश्य मानलेल्यांच्या बाजूनें. संविधानाच्या सतराव्या कलमानें अस्पृश्यता नष्ट झाली आहे. परंतु जात विचारणें गैरशिस्त ठरल्यापासून पुष्कळ ठिकाणीं 'वास येतो' ही तक्रार तिच्या जागीं नेमली गेली आहे कीं काय, असा आम्हांस संशय येतो. भाड्यानें खोली नाकारतांना, डबा निराळा ठेवतांना, पंगतींत अंतर सोडतांना हीच तक्रार कानांवर पडते. आमच्या स्नेह्यांच्या मनांत तसें कांहीं नव्हतें याची आम्हांस खात्री आहे. पण हत्यार तेंच होतें.

आमच्या या तीन गांवांना तर या बाबतींत विशेष स्मरण असावयास पाहिजे. उल्हासनगर वसलें तें दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी छावणीच्या बराकींत. फाळणीनंतर सुमारें लाखभर सिंधी निर्वासित येथें आले. घरदार मागें ठेवून आलेलीं हीं कुटुंबें एकेका बराकींत पडदे लावून राहिलीं, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें कोनशिला बसून छावणीचें नगर झालें. त्या बराकींतील गर्दीस, त्यांच्या अंथरुणांस व त्यांच्या भाषेस आसपासच्या गांवांनीं त्या वेळीं नाकें मुरडलीं नसतील काय? त्यांचेच नातू आज मोठमोठ्या पेढ्यांचे मालक आहेत, ही अभिमानाची गोष्ट आहे. आजोबांच्या बराकीची आठवण त्या पेढ्यांत कोठें तरी टांगलेली असावी, एवढेंच आमचें मागणें.

आणि आतां पाण्याविषयीं. अंबरनाथचें शिवमंदिर शके ९८२ मध्यें, म्हणजे १०६० सालीं, ज्या प्रवाहाच्या कांठीं उभें राहिलें, ती वालधुनी पुढें उल्हासनगरांतून कल्याणाकडे जाते. जिच्या कांठीं शिलाहारांनीं देवालय बांधणें योग्य मानलें, तिच्यांत आज कोणी रुमालहि बुडविणार नाहीं. कारखान्यांचीं रसायनें, जीन्स धुण्याच्या व रंगविण्याच्या धंद्यांचें निळेंकाळें पाणी, आणि गांवाचें सांडपाणी यांनीं तिचा नाला केला. २०१४ च्या नोव्हेंबरांत तिच्यांत सोडलेल्या रसायनांच्या वायूनें उल्हासनगरांतील शेंकडों लोकांस रुग्णालयांत जावें लागलें. 'वनशक्ति' या संस्थेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१५ सालीं सांडपाणी प्रक्रिया केंद्रांस व स्थानिक संस्थांस जबर दंड ठोठावला, आणि तें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. पाण्याच्या प्रदूषणाविरुद्धचा कायदा तर १९७४ पासून पुस्तकांत आहेच. साऱ्या जगाची विजार धुवून मऊ करून देणारें हें गांव, आणि त्या गांवच्या पोरास आपला एक सदरा धुण्यास पाणी नाहीं! बारवी धरण आमच्या उशाशीं, उल्हास नदी आमच्या दारांतून वाहते. तरी धुण्याची बादली भरण्यास मध्यरात्रीं उठावें लागत असेल, तर दोष पावसाचा नाहीं, वांटपाचा आहे.

आमची सूचना साधी आहे. महानगरपालिकांच्या १९४९ च्या कायद्यांत, कलम ६६ खालीं, सार्वजनिक धुण्याच्या जागा बांधणें हें महानगरपालिकेच्या ऐच्छिक कर्तव्यांत घातलेलें आहे. 'ऐच्छिक' या शब्दाच्या आड आजवर पुष्कळ कर्तव्यें गाढ निजलीं आहेत, त्यांत हेंहि एक. उल्हासनगरच्या महानगरपालिकेनें तें जागें करावें, आणि अंबरनाथ व कुळगांव-बदलापूरच्या नगरपालिकांनीं तिचा कित्ता गिरवावा. प्रत्येक कॅंपांत, प्रत्येक मोठ्या वस्तींत एक छपराची धुण्याची जागा असावी. तेथें ऊन पाणी, चार यंत्रें, पावसांतहि वारा खेळेल असा वाळवणाचा मांडव, आणि अंथरुणांकरितां वाफेची सोय असावी. दर माफक, वेळ रात्रीं उशिरापर्यंत, आणि चालविण्यास बायांचे बचतगट. इंग्रजांकडून आम्हांस घेण्यासारखें थोडें आहे, पण हें त्यांत मोडतें. १८३२ सालीं लिव्हरपुलांत कॉलऱ्याची सांथ आली तेव्हां किटी विल्किन्सन नांवाच्या आयर्लंडांतून आलेल्या एका गरीब बाईपाशीं त्या गल्लींतील एकमेव तांब्याचें भांडें चुलीवर बसविलेलें होतें; तिनें तें शेजाऱ्यांस कपडे व अंथरुणें उकळून धुण्यास खुलें केलें, आठवड्याचा एक पेनी घेऊन. दहा वर्षांनीं, १८४२ सालीं, लिव्हरपुलच्या नगरसंस्थेनें सार्वजनिक धुण्याचें घर काढलें, आणि १८४६ सालीं पार्लमेंटानें त्यासाठीं स्वतंत्र कायदा केला. एका भांड्यापासून कायद्यापर्यंत चौदा वर्षें लागलीं. आमच्याकडे कायदा आधींच आहे. भांडें तेवढें चुलीवर चढवावयाचें आहे.

गृहनिर्माण सोसायट्यांनाहि एक शब्द. गच्ची ही सर्व सभासदांची सामाईक वस्तु, ती पताका लावण्यापुरती नव्हे. आठवड्यांतून दोन दिवस पाळीनें वाळवणास उघडली तर इमारतीची शोभा बुडेल असें मानणारांनीं, आपल्या अंगांतील कपडे कोठें वाळले होते, याचा विचार करावा.

हा मजकूर छापखान्यांत धाडण्यापूर्वीं आम्हीं आमच्या व्यापारी स्नेह्यांस वाचून दाखविला. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "तो कपडा आम्हीं इस्त्री लागत नाहीं म्हणून घेतला होता, वकीलसाहेब." आणि थोड्या वेळानें, "दोन सुती सदऱ्यांना काय पडेल?" कापडाच्या व्यापाऱ्यानें हा प्रश्न वकिलास विचारावा, हें आम्हांस गमतीचें वाटलें, तरी आम्हीं सांगितलें कीं, दोन नव्हे, तीन घ्या: एक अंगावर, एक दोरीवर, एक घडींत. तरुणास येत्या सोमवारपासून कामावर येण्याचा निरोप गेला आहे. गच्चीच्या किल्लीविषयीं त्याच्या सोसायटीच्या चिटणिसांस आम्हीं स्वतः पत्र लिहिलें असून त्याचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं.